चिंकाऱ्यापासून गव्यापर्यंत

अमिता जिन्सीवाले यांच्या हरभऱ्यात रोजडे शिरले, ही बातमी घरात आली तेव्हा त्यांचे यजमान देवेंद्र यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "बोर कोणता घ्यावा?"

रोजडा म्हणजे नीलगाय. आमच्या माळव्यात तिला शक्यतो गाय म्हणत नाहीत, कारण गाय म्हटलं की हात जोडावे लागतात आणि हात जोडून पीक वाचत नाही. घोड्याएवढं हे जनावर कळपाने येतं, हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातं आणि जे खायचं राहिलं त्यावर बसतं. बोर म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आतल्या भोकाची रुंदी. कोणत्या जनावराला कोणता बोर, यावर जिन्सीवाल्यांच्या घरात तीन पिढ्या चर्चा चालू आहे. मधल्या काळात सरकारने शिकार बंद केली, त्यालाही पन्नास वर्षं होऊन गेली. पण ती एक तात्पुरती अडचण आहे, असं देवेंद्रचे काका नानासाहेब यांचं मत होतं.

शेत हातोद गावाच्या अलीकडे होतं आणि काका-पुतण्यांत सामाईक होतं. नानासाहेबांचा मुलगा शार्दूल याला ते विकायचं होतं. शेतांचे प्लॉट पाडून कॉलनी कापणारा एक बिल्डर त्याच्याकडे दर महिन्याला मिठाई पाठवत असे आणि ती खाऊन सगळ्यांचंच मत विकण्याकडे झुकत चाललं होतं. अमिताबाईंनी वीस-बावीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणजे फळ्यावर मुळं काढली. निवृत्तीनंतर खरी मुळं बघायची त्यांची इच्छा होती. शेवटी असं ठरलं की एक हंगाम त्यांना द्यायचा. हरभरा घरात आला तर शेत त्यांच्याकडे राहील. नाही आला तर होळीनंतर सह्या. अमिताबाईंनी डॉलर चना, म्हणजे टपोरा काबुली हरभरा, पेरला, तो वीतभर झाला, आणि रोजडे आले.

"शेजारच्या पाटीदारांनी झटका मशीन लावलंय," त्या देवेंद्रना म्हणाल्या. "चारी बाजूंनी तार. जनावराला थोडा झटका बसतो, ते परत जातं."

देवेंद्र विमा कंपनीत अधिकारी होते. संकट आल्यावर आधी कागद मागायचा, ही त्यांची सवय. पण इथे त्यांनी कागद मागितला नाही. ते ताठ बसले.

"आपल्या घराण्यात जनावराला करंट देत नाहीत."

"मग काय देतात?"

"संधी."

रोजड्यांनी ती घेतली. त्या आठवड्यात नाल्याकडची कड साफ झाली.

घराण्याबद्दल सांगायचं तर, देवेंद्रचे पणजोबा दरबारच्या मुदपाकखान्यात होते. स्वारी शिकारीला निघाली की ते तुपाच्या बुधल्यांबरोबर मागच्या गाडीत असत. त्यामुळे जिन्सीवाल्यांच्या घरी अनेक वाघांची हकीकत तोंडपाठ असली, तरी गोळी कोणी घातली याबद्दल थोडी संदिग्धता असे. त्या दिवशी बासुंदी होती की श्रीखंड, याबद्दल मात्र कधीच नसे. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. वाघाइतक्या जवळ तूप वाढलेला माणूस शिकारीच असणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

त्या रविवारी मल्हारगंजात नानासाहेबांच्या घरी बैठक बसली. पोहे, शेव, जिलबी. अमिताबाई आल्या होत्या, कारण पीक त्यांचं होतं. हे कारण बैठकीला पुरेसं वाटलं नव्हतं, पण आल्यावर कोणी काही बोललं नाही.

"रायफल एकच घ्यायची," नानासाहेब म्हणाले. वय एक्क्याऐंशी, आवाज अजून खणखणीत. "मग ती अशी घ्या, की चिंकाऱ्यापासून गव्यापर्यंत एकच चालली पाहिजे. रोज रोज कोण घेतं?"

"आपल्याला रोजड्यासाठी हवी आहे," अमिताबाई म्हणाल्या.

"आज रोजडा आहे, सूनबाई. उद्याचं कोणी सांगावं?"

शार्दूलचा पाणी शुद्ध करायच्या मशीनचा धंदा होता आणि फावल्या वेळात तो मोबाइलवर एका अमेरिकन शिकाऱ्याचे व्हिडिओ बघत असे. शेत विकायचंही आणि शेतासाठी रायफलही घ्यायची, या दोन्हींत त्याला काही विरोध दिसत नव्हता. "थर्टी-ऑट-सिक्स," तो म्हणाला. "नाना, डोळे झाकून. तो व्हिडिओवाला भिया बोलतो, अख्ख्या नॉर्थ अमेरिकेत असं जनावरच नाही जे याने पडत नाही. मूस, एल्क, ग्रिझली, सब."

"हातोदला मूस येतात का?"

"वहिनी, मतलब कपॅसिटी समजा ना."

"थर्टी-ऑट-सिक्स हलकी पडते," नानासाहेब म्हणाले. "थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह. त्याच्या पुढे बोलणं नाही. तीच गोळी हरणाला, तीच गव्याला."

"त्या गोळीने चिंकारा मारला तर चिंकारा शिल्लक राहील का?" देवेंद्रनी विचारलं.

"शिंगं राहतात."

"त्यापेक्षा तीनशे पंधरा बरी. सरकारी कारखान्याची. जागोजाग दुरुस्त होते."

"दादा, ती तर बँकेच्या गार्डकडे असते," शार्दूल म्हणाला. विषय तिथेच संपला. गव्यासमोर बँकेच्या गार्डसारखं उभं राहायला कोणीच तयार नव्हतं.

मग धक्क्याचा प्रश्न निघाला. मोठ्या बोरची रायफल खांद्याला मागे जोरात मारते. नानासाहेबांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला होता आणि एक मुलगी रोज येऊन त्यांचा हात वर करून जात असे. नानासाहेबांनी धक्का ही मनाची गोष्ट असल्याचं सांगितलं.

"आधी आपल्या हाताने सदऱ्याची बाही चढवा," स्वयंपाकघरातून नानासाहेबांच्या पत्नी कुमुदिनीकाकू म्हणाल्या. "मग थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह."

बैठक पुढच्या रविवारपर्यंत तहकूब झाली.

पुढच्या रविवारी वजनाचा मुद्दा आला. जनावराच्या खांद्याची जाडी किती, हाड कुठे, गोळी किती आत जायला हवी, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय ठरवणं बेजबाबदारपणाचं होईल, यावर तिघांचं एकमत झालं. या विषयावर झालेलं ते पहिलं एकमत. त्यामुळे सगळे उत्साहात चिडियाघरात गेले.

तिकीट काढून तिघं पिंजऱ्यांपुढून फिरले. नानासाहेब काठीने जागा दाखवत होते, देवेंद्र अंदाज बांधत होते, शार्दूल मोबाइलवर टिपून घेत होता. वाघ झोपला होता. नानासाहेबांच्या मते ही अवस्था निरीक्षणाला उत्तम, पण शिकारीला अप्रतिष्ठेची. अस्वलापुढे दोन्ही बोरांचे समर्थक अर्धा तास भांडले आणि अस्वल कंटाळून आत गेलं. सांबर त्यांना सोपं वाटलं. गवा काही सापडला नाही, तेव्हा दोन म्हशी मनातल्या मनात जोडून गवा धरण्यात आला. शेजारी एक बाई आपल्या नातवाला वाघ दाखवत होत्या. "खांद्यामागे घातली की जागेवरच बसतो," हे ऐकल्यावर त्या नातवाला घेऊन हरणांकडे गेल्या.

रोजड्यांचा पिंजरा वाटेतच होता. तिथे कोणी थांबलं नाही. रोजडा काय, शेतावर रोज दिसतो.

त्या दिवसांत अमिताबाई पहाटेच्या बसने शेतावर जात, बांधावर जुन्या साड्या बांधत आणि पत्र्याचा डबा वाजवत. साड्यांना रोजडे आठवडाभर घाबरले. मग त्यांनी एक साडी खाल्ली. अमिताबाईंनी झटका मशीनचा विषय पुन्हा काढला, तेव्हा देवेंद्र म्हणाले की रायफलचं ठरतंच आहे आणि दोन दोन व्यवस्था करणं बरं दिसत नाही.

ठरलं ते असं. बोर थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह, कारण नानासाहेब वडील होते. आता अर्ज. देवेंद्रकडे वडिलांच्या वेळचा परवाना होता, एका बारा बोरच्या बंदुकीचा. त्यावर रायफल चढवायची आणि रोजडे मारायची रीतसर परवानगी मागायची. पीक खाणाऱ्या रोजड्यापुरती ती मिळते. कचेरीबाहेर टंकलेखन करणाऱ्याने फॉर्म बघितला आणि म्हणाला, "प्रयोजन में लिखो, फसल रक्षा. बस. दो शब्द. आगे कुछ मत लिखना, भिया."

हा सल्ला ऐकून नानासाहेब दुखावले. दरबारात कोरडा अर्ज टाकणं म्हणजे भिक्षुकाने ओटीवरूनच हात पसरण्यासारखं. जिन्सीवाल्यांच्या घरातून दोनशे वर्षांत एकही कागद कैफियतीशिवाय गेलेला नाही. पणजोबांनी तुपाच्या दोन बुधल्या जास्त मागितल्या होत्या, त्यासोबतची कैफियतसुद्धा घराणं दक्षिणेतून नर्मदा ओलांडून कसं आलं इथपासून सुरू होते. कैफियत म्हणजे आपण कोण, कुठले, आणि जे मागतो ते मागायला कसे लायक, याचं साग्रसंगीत निवेदन.

नानासाहेबांनी ती मराठीत सांगितली, शार्दूलने तिचं हिंदी केलं आणि देवेंद्रनी तिला परिशिष्टं जोडली, कारण परिशिष्टाशिवाय त्यांना कागद उघडा वाटे. नर्मदा पहिल्याच पानावर ओलांडली गेली. पुढे पणजोबा आले; तूप गाळण्यात आलं. मग मुख्य विषय. सदर बोर हा चिंकारा, सांबर, अस्वल, गवा आणि प्रसंगी वाघ, या सर्वांस सारख्याच गुणाने लागू पडतो. वाघास खांद्यामागे गोळी घातली असता दुसरी लागत नाही. अर्जदारांनी चिडियाघरात जाऊन प्रत्येक जनावराचं मर्मस्थान समक्ष पाहिलेलं आहे. परिशिष्ट 'ब' मध्ये आकृत्या. हातोदकडील शेत नाल्यालगत असून शिकारीस सर्वथा अनुकूल आहे. तेथील आंब्यावर मचाण बांधण्याचा मानस आहे. कुटुंबाची परंपरा खंडित झाली असून ती पुन्हा सुरू करण्याची संधी मिळावी, ही विनंती.

रोजड्यांचा उल्लेख शेवटच्या पानावर, 'इत्यादी'च्या आधी होता.

अमिताबाईंनी तो कागद वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"यात हरभरा कुठे आहे?"

"गृहीत आहे," देवेंद्र म्हणाले.

साधे अर्ज कचेरीत वर्ष वर्ष पडून असतात. हा फार लवकर हलला, कारण त्यात वाघ होता. कचेरीने तो वनखात्याकडे पाठवला आणि संक्रांतीच्या आधीच सोलंकी नावाचे डेप्युटी रेंजर खाकी कपड्यांत मल्हारगंजात येऊन नानासाहेबांच्या बैठकीत बसले. बारीक, थकलेला माणूस. त्यांनी पिशवीतून कैफियत काढली. तिच्यात जागोजागी लाल रेघा होत्या. नानासाहेबांना फार समाधान वाटलं. इतक्या बारकाईने त्यांचं लिखाण आजवर कोणी वाचलं नव्हतं.

"आपने लिखा है, बाघ के लिए कंधे के पीछे, तीन अंगुल नीचे," सोलंकी म्हणाले.

"चार," नानासाहेब म्हणाले. "शार्दूल, तीन लिहिलंस? चार करा, साहेब."

सोलंकींनी चार केलं.

"और ये मचान?"

"ते आंब्यावर. दक्षिणेची फांदी चांगली आहे."

"किस जानवर के लिए?"

"जनावर खालून जातं, साहेब. मचाण माणसासाठी असतं."

देवेंद्र खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं; आपला अर्ज दुसऱ्याच्या हातात कसा दिसतो हे ते प्रथमच बघत होते. "साहेब," ते म्हणाले, "हे सगळं थिअरेटिकल आहे."

"बाघ थिअरेटिकल है?"

"सध्या," नानासाहेब म्हणाले.

सोलंकींनी तेही लिहून घेतलं. पोहे आले, ते त्यांनी खाल्ले. मग हत्यार मागितलं. देवेंद्र घरी जाऊन ती बारा बोरची बंदूक चादरीत गुंडाळून घेऊन आले. तिच्या दोन्ही नळ्यांत कुंभारीण माशीने मातीची घरं केली होती. सोलंकींनी नळीतून उजेड बघायचा प्रयत्न केला, दिसला नाही. तरी नियम म्हणून बंदूक ठाण्यात जमा झाली आणि चौकशी होईपर्यंत कोणीही शेतावर मचाण बांधू नये, असं तिघांकडून लिहून घेण्यात आलं. नानासाहेबांनी त्यालाही छोटी कैफियत जोडायची तयारी दाखवली. देवेंद्रनी त्यांचा आखडलेला हात धरून ठेवला.

शेतावर दोन वनरक्षक बसले. त्यांना काम दिलं होतं ते देवेंद्र जिन्सीवाल्यांपासून वन्यप्राण्यांचं रक्षण करण्याचं.

त्यांचा मुख्य भेरूलाल नावाचा उंच माणूस होता. त्याने आल्या आल्या जागेची पाहणी केली आणि दक्षिणेच्या फांदीवर मचाण बांधलं, कारण तिथून शिकारी लांबूनच दिसला असता. रात्री ते दोघं शेकोटी करत, मोठ्या बॅटरीचा उजेड चौफेर फिरवत आणि झोप येऊ नये म्हणून मोबाइलवर भजनं लावत. तीही पूर्ण आवाजात, कारण साथीदाराला कमी ऐकू येई.

आठवड्याने अमिताबाई शेतावर गेल्या. रोजडे नाल्यापलीकडे उभे होते. सगळा कळप. हरभऱ्याकडे बघत होते, येत नव्हते. अमिताबाईंनी मुलांना आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली होती, की आधी नीट बघा. त्यांनी नीट बघितलं. मातीत ताजा खूर एकही नव्हता. खुडलेल्या झाडांना बाजूने नवे फुटवे आले होते. त्या बांधावर बसल्या आणि भेरूलालला विचारलं, चहा चालतो का.

त्यानंतर चहा रोज गेला आणि रविवारी दाल-बाफले गेले. हरभऱ्याला फुलं आली, मग घाटे धरले. मल्हारगंजात मात्र सुतकी वातावरण होतं. बैठका बंद होत्या. शार्दूल आडून आडून होळीची आठवण करून द्यायचा, पण घाटे बघून आल्यापासून त्याचा आवाज उतरला होता.

मग एका शुक्रवारी सोलंकी शेतावर आले आणि म्हणाले, "मैडम, खुशखबर. जांच पूरी. मैंने रिपोर्ट में लिख दिया, ये लोग कुछ नहीं मारेंगे. मार ही नहीं सकते. सोमवार से आदमी उठा लूँगा."

अमिताबाईंनी घाटा फोडून बघितला. दाणा अजून दुधात होता. "अजून तीन आठवडे ठेवा ना. रोजडे समोरच उभे आहेत, बघा."

"रोजड़ों के लिए नहीं रख सकते, मैडम. वो फसल का मामला है, दूसरा विभाग देखता है." सोलंकींना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "हम तो शिकारी के लिए हैं."

"शिकारी असला तर?"

"फिर तो रखना ही पड़ेगा. हाथ बंधे हैं."

त्या रविवारी अमिताबाई देवेंद्रना घेऊन मल्हारगंजात गेल्या. जिलबी त्यांनीच घेतली होती. नानासाहेब खिडकीशी बसून रस्ता बघत होते. चौकशीपासून त्यांनी वर्तमानपत्रातलं वाघांचं पानसुद्धा वाचणं सोडलं होतं. शार्दूल मोबाइलवर क्रिकेट बघत होता. अमिताबाईंनी सगळ्यांना जिलबी वाढली, आपली बशी घेऊन बसल्या आणि म्हणाल्या,

"नानासाहेब, हत्तीला कोणता बोर लागतो हो?"

कुमुदिनीकाकू झारा हातात घेऊन दारात आल्या.

"हत्ती," नानासाहेब म्हणाले. त्यांनी बशी खाली ठेवली. "सूनबाई, अशी पुढे ये. हत्तीला थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह जेमतेम पुरते. कपाळाची जागा साधली तर."

"फोर-फिफ्टी-एट, नाना," शार्दूल म्हणाला. क्रिकेट बंद झालं होतं. "तो भिया आफ्रिकेला गेला होता ना, त्याने साफ सांगितलं."

"मग पहिल्या कैफियतीत एक उणीव राहिली म्हणायची," अमिताबाई म्हणाल्या. "पुरवणी द्यायला हवी. तुम्ही सांगा, मी लिहिते. माझं हिंदीही बरं आहे. आणि एक प्रत सरळ वनखात्याला देऊ या. त्यांच्याकडे जुनी माहिती राहायला नको."

"अर्थात," नानासाहेब म्हणाले. त्यांचा आखडलेला हात जवळजवळ खांद्यापर्यंत वर गेला. "सर्व संबंधितांस प्रत जाते. रीतच आहे ती."

देवेंद्र बायकोच्या कानाशी वाकले. "अगं, चौकशी बंद होते आहे उद्या."

"म्हणून तर आज लिहायचं. उद्या सकाळी मी स्वतः देऊन येते."

"आणि मला उचललं तर?"

अमिताबाईंनी पेनाचं टोपण काढलं, कागदाला समास पाडला आणि वर तारीख घातली.

"हरभरा घरात आला की सोडवून आणते," त्या म्हणाल्या. "हं, नानासाहेब. नर्मदेपासून घेऊ ना?"